सोंगाड्या आणि समोरचा पाटील

उपहासगीत रचून स्वतःच गाणाऱ्या कलावंताविषयी बोलताना आपण त्याच्या धारदारपणाची वाखाणणी करतो. तो कोणासमोर गातो, हे विचारायचे मात्र राहून जाते. ज्याची रेवडी उडवायची तो समोर नाही आणि समोर बसलेले सारे आधीच आपल्या मताचे आहेत, अशा वेळी त्या हास्याला नैतिक आधार कोणता?

अमेरिकेतील टॉम लेहरर यांची कारकीर्द पाहिली की हा प्रश्न टोचू लागतो. हार्वर्डमध्ये शिकलेल्या या गणितज्ञाने १९५३ साली पदरचे पैसे घालून आपल्या गाण्यांची तबकडी काढली. पियानोवरच्या प्रसन्न चालींत अणुबाँब, वंशद्वेष, धार्मिक दांभिकता यांची त्यांनी यथेच्छ थट्टा केली आणि कीर्ती शिखरावर असताना ते पुन्हा वर्गाकडे वळले. १९७३ साली हेन्री किसिंजर यांना शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा राजकीय उपरोध कालबाह्य झाला, हे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. त्यामुळेच त्यांनी गाणे सोडले असा एक समज आहे. वस्तुतः ते त्यापूर्वीच जवळजवळ थांबले होते. बर्लिनच्या उपहासगृहांनी हिटलरला रोखण्यासाठी केवढे कार्य केले, हा पीटर कुक यांचा बोचरा शेरा ते आवडीने सांगत. २०२० साली त्यांनी आपल्या गीतांवरील हक्क सोडून दिला आणि जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मौनात प्रामाणिकपणा आहे, यात शंका नाही. पण ते मौन त्यांना परवडणारे होते, हेही तितकेच खरे.

अण्णाभाऊ साठे यांना ते परवडले नसते. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी जन्मलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस गेला असे सांगितले जाणारा हा माणूस मुंबईच्या गिरणीत राबला आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. हाती आलेले साधन तमाशाचे होते. तमाशात बतावणी असते. सोंगाड्या गावच्या पाटलाची टर पाटलाच्या देखत उडवतो. परंतु हे स्वातंत्र्य एका रात्रीपुरते दिलेले असते. पाटीलही हसतो, पागोटे सावरून घरी जातो आणि सकाळी गाव होते तसेच असते. अण्णाभाऊंनी हा मुदतीचा परवानाच नाकारला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले, गौळण गळाली, वगाचे राजे-प्रधान जाऊन ‘शेटजींचे इलेक्शन’मधला शेटजी आला.

येथे एक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. कामगार मैदानावर तो शेटजी तरी कोठे समोर होता? लेहरर यांच्या श्रोत्यांप्रमाणे हेही पटलेलेच लोक नव्हते काय? मला वाटते, नव्हते. हॉटेलात बसून हसणाऱ्याचे हसण्याने काही बिघडत नाही. मैदानावर हसणारा मात्र दुसऱ्या दिवशी त्याच शेटजीच्या फाटकाशी उभा राहणार असतो, आणि हसताना आपल्या शेजारचाही हसला हे त्याने पाहिलेले असते. धन्याला हसता येते, हा शोध त्याच्यासाठी नवा असतो. सत्तेलाही हा भेद कळला असावा. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. सांगितलेले कारण अश्लीलतेचे होते. अण्णाभाऊंनी त्याच खेळाला लोकनाट्य म्हटले आणि तो चालू ठेवला.

नुसत्या उपस्थितीने काही साधत नाही, हे मला येथे गुरुग्रामात अधिक जाणवते. (२०१६ साली नाव बदलून या गावाला गुरूचा मान मिळाला; गुरू द्रोण, म्हणजे शिष्याचा अंगठा मागणारे, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.) काचेच्या मनोऱ्यांतील कंपन्यांच्या समारंभांत विनोदकार येतो, साहेब पहिल्याच रांगेत बसतो, त्याच्या इंग्रजी उच्चारांची थट्टा होते आणि सर्वांत मोठ्याने तोच हसतो. पाटील समोर आहे, बतावणीही आहे. फक्त बिदागीच्या धनादेशावर सही पाटलाची आहे. अशा हास्याने साहेबाचा दिलदारपणा तेवढा सिद्ध होतो.

अर्थात अण्णाभाऊंचे आयुष्य म्हणजे उपरोधाचा विजय, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांचे दिवस हलाखीत गेले आणि १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, ते गेले. सत्कार मागाहून आले: १९८५ साली त्यांच्या नावाचे विकास महामंडळ, २००२ साली टपाल तिकीट, २०२२ साली मॉस्कोत पुतळा. महामंडळ मातंग व तत्सम समाजांच्या उन्नतीसाठी होते. २०१५ साली तेथील गैरव्यवहाराच्या आरोपावरून त्याच्या माजी अध्यक्षांना अटक झाली. अण्णाभाऊंच्या एका लोकनाट्याचे नाव ‘देशभक्त घोटाळे’ असे आहे.