मोजपट्टी कोणाला लावायची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने मराठी माध्यमाच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका चाळण्याचा योग आला. संगणक विषयाच्या गठ्ठ्यात सहावीतील एका मुलीची पत्रिका सर्वांत वर होती. पंचवीसपैकी पंचवीस गुण. संगणकाचे जनक कोण, तर चार्ल्स बॅबेज. सी.पी.यू.चे पूर्ण रूप अचूक. माऊसचे दोन उपयोग. शेवटी संगणकाची सुबक आकृती, तिला पेन्सिलीने दिलेली छटादेखील. कौतुक वाटून मी तिला बोलावून घेतले आणि सहज विचारले, “माऊस फिरवायला जमतो का गं नीट?” ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, “फादर, आम्हांला अजून लॅबमध्ये नेलं नाही. आठवीपासून नेतात.”

त्याच शाळेच्या वार्षिक अहवालात ‘संगणक शिक्षण : शंभर टक्के विद्यार्थी’ असे एक वाक्य होते, आणि त्या अहवालाखाली इतरांबरोबर माझीही सही होती. अहवाल खोटा होता असे कोणी सिद्ध करू शकले नसते. विषय वेळापत्रकात होता, पुस्तक होते, परीक्षा होती, गुण होते. तरीही त्या मुलीसमोर बसलो असताना पापनिवेदनाच्या खुर्चीत जागा बदलल्यासारखे मला वाटले.

शालेय मुलांनी संगणकशास्त्रातील नेमके काय, कोणत्या वयात आणि कोणत्या पातळीपर्यंत आत्मसात करावे हे ठरविणे, हा आज जगभर गांभीर्याने हाताळला जाणारा विषय आहे. आपल्या शिक्षकमंडळींना ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द परिचयाचा आहे. अमेरिकेतील संगणक शिक्षकांच्या ‘कॉम्प्युटर सायन्स टीचर्स असोसिएशन’ या संघटनेने २०११ साली बालवाडीपासून बारावीपर्यंतची अशी मानके प्रसिद्ध केली व २०१७ साली ती सुधारून मांडली. इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटीने २०१२ च्या जानेवारीत एका अहवालाद्वारे शाळांतील संगणक शिक्षणावर परखड टीका केली. मुलांना पत्र टंकित करणे, तक्ते भरणे एवढेच शिकवून शाळा समाधान मानतात, त्यामागील शास्त्र शिकवतच नाहीत, असा तिचा रोख होता. सप्टेंबर २०१४ पासून तेथे पाच वर्षांच्या मुलापासूनच नवा विषय सुरू झाला. दूर कशाला, आपल्या पवईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी इयत्तावार आदर्श अभ्यासक्रम तयार केला, तो या सर्व गदारोळाच्या बराच आधीपासून हाती घेतलेला होता. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिकपूर्व टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचा अंतर्भाव करण्याचे म्हटले आहे.

अमेरिकन मानके वाचताना मला एका गोष्टीचे नवल वाटले. पाच ते सात वर्षांच्या मुलांकडून त्यांची एक अपेक्षा यंत्राशी जवळजवळ संबंध नसलेली आहे. रोजचे एखादे काम, समजा दात घासणे, कोणत्या पायऱ्यांनी पुरे होते ते क्रमवार सांगता यावे आणि तो क्रम पाळता यावा. अशा क्रमवार रीतीलाच शास्त्रात अल्गोरिदम म्हणतात. सहावी ते आठवीच्या मुलांनी तर प्रचलित तंत्रज्ञानाच्या रचनेत कोणाविषयी पक्षपात दडला आहे का, कोणाला ते वापरताच येत नाही का, याची चर्चा करावी अशी अपेक्षा आहे. बॅबेजचे नाव पाठ असावे असे मला त्यात कोठेही आढळले नाही.

येथे मला माझ्या सेमिनरीतील दिवसांत अभ्यासलेला एक दस्तऐवज आठवतो. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप संत पायस दहावे यांच्या संमतीने ‘क्वाम सिंग्युलारी’ हा आदेश निघाला. त्यापूर्वी अनेक देशांत मुलांना प्रथम कम्युनियनसाठी दहा, बारा, काही ठिकाणी चौदा वर्षांपर्यंत तिष्ठत ठेवले जाई. कारण उदात्त होते. एवढ्या थोर संस्काराला पुरेसे ज्ञान हवे, ही भावना. पोप महाशयांनी ती मोजपट्टी खाली आणली. सुमारे सात वर्षांचे वय पुरे, परिपूर्ण ज्ञानाची अट नको; ही भाकर नेहमीची भाकर नव्हे, एवढा विवेक मुलाला करता आला म्हणजे झाले. आणि त्याच आदेशात पुढे असे आहे की, वय झालेल्या मुलाला वेदीपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मुख्यतः त्याचा सांभाळ करणाऱ्यांवर, म्हणजे आईवडील, गुरुजन व धर्मगुरू यांच्यावर आहे.

संस्काराची आणि शालेय विषयाची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु मानक म्हणजे काय, हे मला त्या आदेशाइतके स्पष्ट अन्यत्र कळले नाही. एकच वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येते. ‘सहावीच्या मुलाला साधी आज्ञावली लिहिता यावी.’ हे वाक्य मुलासमोर धरले तर ती चाळणी होते; न जमणारा खाली पडतो. तेच वाक्य शाळेसमोर, समितीसमोर, धर्मग्रामासमोर धरले तर ते ऋणपत्र होते. मुलाला हे यावे, म्हणून तुम्ही त्याला काय दिलेत? यंत्र दिलेत का? तास दिलात का? जाणता शिक्षक दिलात का? आमच्या त्या शाळेने मोजपट्टी मुलीला लावली व ती पंचवीसपैकी पंचवीस भरली. ती आम्हांला लावली असती तर किती भरलो असतो?

हे काही एका शाळेचे दुखणे नव्हे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या शालेय माहितीनुसार देशातील साधारण ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते. उरलेल्या शाळांतील मुलांनी काय करावे, असा प्रश्न मानके लिहिणाऱ्याने स्वतःला आधी विचारायला हवा. दुसरीकडे २०२० च्या टाळेबंदीत सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी कोडिंगच्या खासगी वर्गांच्या जाहिरातींचा पूर आला. आपले मूल मागे पडेल या धास्तीने आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांनीही ऐपतीबाहेर शुल्क भरल्याचे मला ठाऊक आहे. जेथे सर्वांसाठी मानक नसते तेथे भीतीचा बाजार भरतो.

यंत्राशिवाय काहीच शिकविता येत नाही, असे मात्र नाही. न्यूझीलंडच्या टिम बेल या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसमवेत पत्ते, दोऱ्या, खडूच्या रेघा यांच्या साहाय्याने संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ रचले आणि ते जगभर गेले. त्या मुलीच्या प्रसंगानंतर मीही एक प्रयोग करून पाहिला. सहावीच्या वर्गाला चर्चच्या कचेरीत नेले व बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही उघडून दाखविली. पासपोर्टसाठी, विवाहासाठी लोक दाखला मागायला येतात. नोंदी तारखेच्या क्रमाने आहेत. तारीख ठाऊक असेल तर मी वही मधोमध उघडतो. हवी ती तारीख मागे असेल तर पुढचा अर्धा भाग सोडून देतो, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करतो. हजार नोंदींत फार तर दहा वेळा पाहावे लागते. तारीख ठाऊक नसेल तर पहिल्या पानापासून एकेक नाव, प्रसंगी हजारही. “आणि वही दुप्पट जाड झाली तर?” असे विचारताच मागच्या रांगेतील एक मुलगा, जो एरवी फळ्याकडेही पाहत नाही, पटकन म्हणाला, “पहिल्या रीतीत एकदाच जास्त बघायला लागंल, फादर.” शोध घेण्याच्या रीतींमधील तो भेद संगणकशास्त्राच्या पदवीवर्गातही शिकवितात. मुलाला तो चाळीस मिनिटांत उमगला, विजेचा एक युनिट न जाळता.

त्याच वहीने मला आणखी एक पाठ काढून दिला. नोंदीशेजारच्या समासात दृढीकरण, विवाह वगैरेंचे उल्लेख असतात. काही नोंदींत एखाद्या घराचे दुःखही असते. म्हणून वही कपाटात कुलूपबंद असते आणि मी मुलांना दाखविलेली पाने अत्यंत जुन्या काळातील, निवडून काढलेली होती. ही माहिती कोणाची, कोणी पाहावी, कोणी नक्कल करावी? मोबाइलवर जन्मतारीख विचारणारा प्रत्येक खेळ हाच प्रश्न उपस्थित करतो. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. पण संमती देणाऱ्या पालकालाच प्रश्न कळला नसेल तर मुलाला तो कळलेला बरा.

अलीकडे पालक एक वेगळीच शंका घेऊन येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून आज्ञावल्याही यंत्रच लिहून देते. मग मुलांनी कशासाठी शिकायचे? शंका रास्त आहे, तिला उडवून लावता येणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाविषयी केलेली चर्चा येथे उपयोगी पडते. गुरू शिष्याच्या डोक्यात ज्ञान ओतत नाही, असे ते म्हणतात. वैद्य जसा शरीराच्या स्वतःच्या शक्तीला साहाय्य करतो आणि बरे होते ते शरीरच, तसा गुरू शिष्याच्या स्वतःच्या बुद्धीला चालायला मदत करतो. जाणते ती शिष्याचीच बुद्धी. या दृष्टीने पाहिले तर माझ्या सहावीतील मुलीची पत्रिका आणि यंत्राने लिहून दिलेली आज्ञावली या एकाच जातीच्या वस्तू आहेत. उत्तर बरोबर आहे, पण वाट कोणी चाललेलेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने ‘अँटिक्वा एट नोव्हा’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील टिपण प्रसिद्ध केले, त्यातही विद्यार्थ्याला स्वतः उत्तरापर्यंत जाऊ न देता आयते उत्तर हाती ठेवणाऱ्या साधनांविषयी चिंता व्यक्त झाली आहे.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की, धर्मगुरू यंत्राला भितात. येशूसंघीय फादर रॉबेर्तो बुसा १९४९ साली न्यूयॉर्कला जाऊन आय.बी.एम.चे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. संत थॉमस यांच्या लेखनातील सुमारे एक कोटी शब्दांची सूची यंत्राच्या साहाय्याने करावी, ही त्यांची इच्छा. तीस वर्षे ते काम चालले आणि छप्पन खंडांत छापले गेले. त्याचे मूळ मोठे विलक्षण आहे. परमेश्वराच्या ‘उपस्थिती’विषयी संत थॉमस काय म्हणतात याचा शोध घेताना बुसा यांच्या ध्यानात आले की, सारा विचार लॅटिनमधील ‘मध्ये’ या अर्थाच्या इवल्याशा शब्दावर टेकलेला आहे. तो शब्द वेचण्यासाठी त्यांना यंत्र हवे होते. यंत्राने शब्द वेचले. कोणता शब्द वेचण्याजोगा आहे, हे मात्र बुसांना आधी कळावे लागले. आणि अमेरिकेत संगणकशास्त्रातील अगदी पहिल्या डॉक्टरेटपैकी एक १९६५ साली मिळविणाऱ्या मेरी केनेथ केलर या धर्मभगिनी होत्या. त्यांनी आपल्या संघाच्या क्लार्क महाविद्यालयात संगणक विभाग उभारला व वीस वर्षे सांभाळला. आपल्या कॉन्व्हेंट शाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्र कधी दिसले नाही, हे आपले विस्मरण.

तेव्हा सहावीच्या मुलाला काय यावे, असे मला कोणी विचारले तर मी क्वाम सिंग्युलारीच्या धर्तीवर थोडेच मागेन. यंत्र सांगितलेले करते, आणि सांगणारा कोणीतरी माणूस असतो, हे त्याने स्वतःच्या हाताने एकदा तरी अनुभवलेले असावे. एखादी रीत दुसरीपेक्षा चांगली का, हे सांगता यावे. आणि पडद्यावर उमटलेले उत्तर व आपल्याला समजलेले उत्तर यांतला फरक ओळखता यावा. भाषा कोणती, सॉफ्टवेअर कोणते, हे तज्ज्ञांनी पाहावे; ते दर पाच वर्षांनी बदलणारच.

त्या शाळेच्या समितीत मी हा विषय मांडला तेव्हा गाडे अपेक्षेप्रमाणे पैशांवर अडले. प्रयोगशाळा एकच, यंत्रे सोळा, आणि ती त्याच आवारातील इंग्रजी माध्यमाच्या पालकांनी भरलेल्या संगणक शुल्कातून घेतलेली. मराठी माध्यमाच्या सहावीला तास द्यायचा तर त्यांचा तास कमी होणार. त्यांच्यापैकी एक वडील उभे राहिले. रिक्षा चालवून मुलांना शिकविणारे ते गृहस्थ. “फादर, मी पोटाला चिमटा घेऊन फी भरतो. माझ्या पोराचा तास का कापता?” द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दृष्टान्त माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. दुसऱ्याच्या खिशातून औदार्य दाखविणाऱ्याने तो दृष्टान्त सांगू नये. अखेरीस शाळा सुटल्यानंतरचा एक तास शोधला. आपल्या गावातील दोन तरुण, जे अंधेरीला संगणक कंपनीत जातात, त्यांनी शनिवार पत्करला. विजेचा खर्च चर्चच्या निधीतून देण्याचे ठरले. त्यालाही एक सदस्य शेवटपर्यंत विरोधच करीत राहिले आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे मला आजही म्हणवत नाही. छप्पर गळत होते ते गळत होतेच.

पुढल्या वर्षीचा अहवाल सहीसाठी आला तेव्हा ‘शंभर टक्के’ हे शब्द मी खोडले व मुख्याध्यापिकांशी बोलून त्या जागी लिहिले : ‘इयत्ता सहावी ते दहावी, आठवड्यास एक तास, एका यंत्रावर तीन विद्यार्थी.’ पाचवीच्या रकान्यात त्यांनी काय लिहावे म्हणून विचारले. मी तो कोरा ठेवायला सांगितला आणि सही केली.