भिंतीवर टांगलेला ल्यूर

आजचं वाचन : हबक्कूक १:१२–१७



मासेमारी आणि पवित्र शास्त्र म्हटलं की आपण सगळे थेट लूक ५ वर जातो. हबक्कूककडे सहसा कुणी वळत नाही. तीनच अध्यायांचं पुस्तक, जुन्या कराराच्या शेवटाकडे कुठेतरी. उपासनेत काढायला सांगितलं की अर्धी मंडळी अनुक्रमणिका उघडते. पण त्याच्या पहिल्याच अध्यायात मासेमारीचं असं एक चित्र आहे की गेला आठवडाभर मला त्यानं सोडलेलं नाही.

संदेष्टा देवाशी भांडतोय. खास्दी लोक एकामागून एक राष्ट्रं गिळत चाललेत आणि देव गप्प आहे. त्याला हे खास्दी कोळ्यासारखे दिसतात. माणसं म्हणजे पाण्यातले मासे. हा कोळी कुणाला गळाने उचलतो, कुणाला जाळ्याने ओढतो. इथपर्यंत ठीक. पण मग हा कोळी करतो काय, तर आपल्या जाळ्यालाच बळी अर्पण करतो, त्याच्यापुढे धूप जाळतो. कारण आपलं ताट त्या जाळ्यामुळे भरलंय असं त्याला वाटतं.

हा उतारा साम्राज्यांबद्दल आहे, रविवारी दुपारी रेवदंड्याच्या खाडीवर रॉड घेऊन उभं राहणाऱ्या माणसाबद्दल नाही, हे मला कळतं. प्रत्येक वचन ओढून आपल्या अंगाला लावायची सवय चांगली नाही, असं मीच इथे लिहिलंय. तरी वाचता वाचता मी मान वर केली आणि समोरच्या भिंतीवर माझा ल्यूर दिसला. लाकडी चौकटीत, काळ्या कापडावर. वर छोटा दिवासुद्धा लावलाय मी.

ज्यांनी कधी गळ टाकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ल्यूर म्हणजे खोटा मासा. कोळंबी किंवा बोईट गळाला लावण्याऐवजी हा लावायचा, लांब फेकायचा आणि रीलने ओढत आणायचा. माझा १३ सेंटीमीटरचा आहे, पाठ निळी, पोट चांदीसारखं, तोंडाखाली प्लास्टिकची एक छोटी जीभ. पाणी त्या जिभेवर आपटलं की तो डुलतो, आणि सगळी जादू त्या डुलण्यात आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याने १९३६ मध्ये असा पहिला मासा कोरला. त्याने तळ्यावर एक गोष्ट हेरली होती : मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर येतो तेव्हा नीट पोहणाऱ्यांना सोडून जखमी, लडखडणाऱ्या माशाला पकडतो. मग त्याने बुचाच्या लाकडातून चांभाराच्या सुरीने मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. रोज आमिष बदलत बसायला वेळ नव्हता आणि घरी तोंडं खाणारी होती, एवढंच कारण. आज त्या कंपनीचे ल्यूर जगभर विकले जातात, पण मूळ कल्पना तीच, पाण्यात लडखडणारं लाकूड. चौकटीत तो लडखडत नाही, हे मी आता लिहितोय. दोन वर्षं सुचलं नव्हतं.

हा ल्यूर मामाचा. मस्कतला नोकरीला होता तेव्हा घेतलेला. अलिबागला परत आल्यावर तो मला दर महिन्याला खाडीवर न्यायचा, समोर कोर्लईचा किल्ला, भरतीचं पाणी चढत आलेलं, आणि मामाची एकच सूचना : "घाई नको, ल्यूरला चालू दे." तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, उधाणाच्या दिवशी, अंधार पडता पडता माझ्या रॉडला जिताडा लागला. सहा किलोच्या वरचा असावा. टॉर्च मारला तर डोळे निखाऱ्यासारखे तांबडे. मामाने तो पाण्यातच धरला, गळ काढला आणि मला विचारून सोडून दिला. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाला की मादी होतो. एवढा मोठा म्हणजे बहुतेक अंड्यांवरची मादी, असं त्याचं म्हणणं. मी हो म्हटलं. (मामी आठवडाभर बोलली नाही दोघांशी.) फोटो काढला तो हलला. म्हणजे त्या संध्याकाळचं माझ्या हातात काय उरलं, तर हा ल्यूर.

मामाने तो दोरीवरून सोडवून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "असू दे तुझ्याकडे."

पुढच्या जानेवारीत मामा गेला.

आवडता ल्यूर निवृत्त करणं ही गळवाल्यांमध्ये नवी गोष्ट नाही. मोठा मासा मिळाला, कुणी जवळचं गेलं, की तो ल्यूर पेटीतून बाहेर येतो आणि भिंतीवर नाहीतर गाडीच्या आरशाला लटकतो. सचिनची दहा नंबरची जर्सी जशी कुणी घालत नाही, तसंच. यात पाप आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. खडकात अडकून एका झटक्यात जाणारी वस्तू ती. जपावीशी वाटणारच.

पण गेल्या पावसाळ्यात मामेभावाचा फोन आला. एकोणीस वर्षांचा आहे, बापाच्या पेटीतलं एकेक सामान काढून शिकतोय. "दादा, पप्पांचा तो निळा मिनो तुझ्याकडे आहे ना? खाडीत जिताडा यायला लागलाय. एकदा टाकून बघतो."

आणि मी म्हणालो, "अरे, तो तर गेला रे. खडकात अडकला."

असं उत्तर द्यायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि नंतर मी ते परत घेतलं नाही. नाताळात मामी आणि तो माझ्याकडे दोन दिवस राहायला आले, तेव्हा मी चौकट काढून कपाटात, स्वेटरखाली ठेवली. उत्पत्ती ३१ मधली राहेल आठवा : बापाचे गृहदेव चोरून उंटाच्या खोगिरात लपवते आणि वर बसून राहते, उठता येत नाही म्हणते. लहानपणी संडेस्कूलमध्ये आम्ही त्यावर खूप हसलो होतो.

मंडळीतल्या एका मित्राला हे सांगितलं. तो लगेच म्हणाला, २ राजे १८. मोशेने केलेला पितळी सर्प, देवाच्याच सांगण्यावरून केलेला, लोकांचे जीव ज्याने वाचले तो. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. "तू पण टाकून दे तो ल्यूर," म्हणे. आपल्यात असे मित्र फार आहेत, ज्यांना प्रत्येक आजारावर हातोडाच सुचतो. मला ते पटलं नाही. ल्यूर फोडून मी भावाला काय देणार होतो?

मला उत्तर जवळ आलं ते मान्नापाशी, निर्गम १६ मध्ये. तिथे एकच अन्न तीन प्रकारे राखून ठेवलेलं आहे. काहींनी सकाळपर्यंत राहू नये म्हणून सांगितलेलं असताना राखलं. त्यात किडे पडले, घाण सुटली. शब्बाथाच्या आदल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे दुप्पट राखलं. ते चांगलं राहिलं. आणि अहरोनाने एक भांडं भरून देवापुढे ठेवलं, पिढ्यानपिढ्या टिकावं म्हणून. मान्ना तोच, दव पडून सकाळी जमिनीवर मिळालेला. म्हणजे राखून ठेवणं हेच चूक, असं शास्त्र म्हणत नाही. मग किडे कशाने पडले? मी आजवर याचं उत्तर "आज्ञाभंग" असं देत आलो आणि पुढे गेलो. या वेळी जरा थांबलो. भांडं ठेवलं होतं ते पुढच्यांना दिसावं म्हणून, ज्यांनी अरण्य पाहिलं नाही त्यांना. किडे पडले ते ज्याने ठेवलं त्याच्याच तंबूत, उद्या मिळेल की नाही या भीतीने झाकून ठेवलेल्या अन्नात.

माझ्या चौकटीत काय होतं? मामाची आठवण, हो. पण अरण्य न पाहिलेला जो एक मुलगा होता, त्याच्यापासूनच मी ती स्वेटरखाली लपवली.

त्या रात्री चौकट उघडली. ल्यूर मी गोड्या पाण्याने धुतलाच नव्हता. त्या दिवसाचं खारं पाणी त्यावर राहावं, असं काहीतरी काव्य होतं डोक्यात. तिन्ही टोकांचे गळ गंजून तपकिरी झाले होते, आणि गंज पोटाच्या चांदीवर उतरला होता. मत्तय ६ आठवला नाही असं म्हणणं खोटं होईल, आणि खोटं मी यंदा पुरेसं बोललोय.

आणि अजून एक. मामाचं वाक्य मी वर अर्धंच लिहिलं. दोन वर्षं सगळ्यांना अर्धंच सांगत आलो. तो म्हणाला होता, "असू दे तुझ्याकडे, पुढच्या खेपेला आण." पुढची खेप झालीच नाही. म्हणजे तो मला दिलेला नव्हता, सांभाळायला दिला होता. ज्याला निवृत्त करून मी एवढा भावुक झालो होतो, तो निवृत्त करायला माझा होता कुठे?

भावाला फोन केला. "तो ल्यूर माझ्याकडेच आहे. मी खोटं बोललो होतो."

थोडा वेळ काही नाही. मग म्हणाला, "माहितीये, दादा. ईस्टरला व्हिडिओ कॉल केलास तेव्हा तुझ्या मागे दिसत होता. मम्मी म्हणाली, विचारू नकोस, त्याला पाहिजे असेल."

यावर काय बोलायचं असतं मला माहीत नाही. मी माफी मागितली. तो "चालतंय रे" म्हणाला, पण ते चालण्यासारखं नव्हतं आणि आम्हा दोघांना ते ऐकू आलं.

शनिवारी रेवदंड्याला गेलो. त्याने पकडीने जुने गळ काढले, नवे चढवले, पोटावरचा गंज टूथब्रशने घासला, डाग राहिला. पहिल्या फेकीला माझा श्वास अडकला होता. खडकात अडकला म्हणून मी जे खोटं सांगितलं होतं ते आता कुठल्याही क्षणी खरं होऊ शकत होतं, आणि तसं झालं असतं तर तक्रार करायला मला तोंड नव्हतं. तो मात्र घाईघाईत ओढत होता. मी म्हणालो, "घाई नको, ल्यूरला चालू दे." त्याने वळून बघितलं. हे वाक्य त्याने बापाकडून कधी ऐकलं नव्हतं. मामा असताना त्याला मासेमारीत रस नव्हता, क्रिकेट होतं. मग तो हळू ओढायला लागला, आणि उजेड होता तोवर काठाजवळ आलेला तो निळा मासा पाण्यात लडखडताना आम्हाला दोघांनाही दिसत होता.

जिताडा काही लागला नाही. निघताना त्याने बाटलीतल्या पाण्याने ल्यूर धुतला, पुसला, आणि आपल्या पेटीत ठेवला. पुढच्या उधाणाला पुन्हा जाणार आहे. काल मी मेसेज केला की जिताड्याच्या कल्ल्यांना धार असते, लीडर जाड लाव, आणि उजवीकडच्या खडकांकडे टाकू नकोस.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.

उद्याचं वाचन : हबक्कूक २:१–४