केसपेपरवरील एक ओळ

इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या जुन्या घरांतूनही रुग्णालयात हल्ली एक विनंती हलक्या आवाजात केली जाते : ‘डॉक्टरसाहेब, मधुमेह सहा वर्षांचा आहे, कागदावर एकच वर्ष लिहा, म्हणजे विम्याला अडचण येणार नाही.’ विनंती करणारा गृहस्थ लबाड नसतो. वाण्याने चुकून जास्त दिलेले दहा रुपये तो परत नेऊन देतो. मग या ओळीपाशी त्याचे मन का कचरत नाही?

समोर माणूस दिसत नाही, हे एक कारण. हप्ते आपणच भरले आहेत, ही दुसरी समजूत. पण विम्याचा पैसा आपल्या ठेवीसारखा नव्हे; अनेकांच्या हप्त्यांतून तो साचतो आणि ज्याच्यावर आजारपण ओढवते त्याच्याकडे जातो. म्हणूनच कायदा या कराराला परम सद्भावाचा करार मानतो. मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार प्रस्तावात न सांगितल्यामुळे मेडिक्लेमचा दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये योग्य ठरविले. हा सद्भाव एकतर्फी मात्र नव्हे. मधुमेह असल्याचे सांगूनच पॉलिसी घेतलेल्या एका प्रवाशाला परदेशात हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा कंपनीने हात वर केले. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने तो नकार अवैध ठरविला. एजंटाने फॉर्म भरायचा आणि आपण न वाचता सही करायची, ही आपली रूढी या सद्भावात कोठे बसते, कोण जाणे!

२०२४ मध्ये विमा नियामकाने आरोग्यविम्यातील एक मुदत आठ वर्षांवरून पाचांवर आणली. पॉलिसी सलग साठ महिने चालली, की माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. नियम आम्हांस रास्त वाटतो. वृद्ध माणसाला दहा वर्षांपूर्वीच्या फॉर्मवरून अडविणे निर्दयपणाचेच. परंतु कंपनीचा हक्क संपला म्हणून दडविलेली गोष्ट सांगितल्यासारखी होते काय? वाद कोठे थांबवावा, एवढेच कायदा ठरवितो.

केसपेपरवरील ओळीला तर अशी मुदतही नाही. ती मुळात कंपनीसाठी नसतेच. ती पुढच्या डॉक्टरसाठी असते. मधुमेह एक वर्षाचा की सहा वर्षांचा, यावरून तो डोळ्यांच्या पडद्याविषयी आणि मूत्रपिंडांविषयी अंदाज बांधतो. मध्यरात्री बेशुद्धावस्थेत आणलेला रुग्ण त्याला खरे वर्ष सांगू शकत नाही, आणि ते ठाऊक असलेला मुलगा पुष्कळदा पुण्याला किंवा परदेशात असतो.

शिवाय, असत्य प्रमाणपत्रावर सही करणे हे वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार गैरवर्तन ठरते. आपल्या सोयीसाठी आपण दुसऱ्याची सनद पणाला लावतो, हे विनंती करणाऱ्याच्या ध्यानीही नसते. उलट नकार देणाऱ्या डॉक्टरला आपल्या बैठकींतून ‘कोरडा माणूस’ म्हणण्यात येते. आमच्या घरची मंडळी मात्र औषधपाण्यासाठी अशाच एका कोरड्या माणसाकडे जातात.