विद्येची वाटणी

विद्येचं धन चोर नेत नाही, राजा हिरावत नाही, भावाभावांत त्याची वाटणी होत नाही, अशा अर्थाचं सुभाषित आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेलं आहे. 2020 च्या जूनमध्ये करोनामुळे शाळा मोबाइलवर भरली आणि वाटणी सुरू झाली.

अकोले तालुक्यातली आमची वाडी. पाचवीतली मुलगी, आठवीतला भाऊ, घरात फोन एक. दोघांचे तास एकाच वेळी. फोन कुणाकडे गेला, हे सांगायला नको. ती त्याच्या पाठीशी उभी राहून आठवीचा भूगोल ऐकायची. "बाई, ऐकू सगळं येतं, पण ते माझं नाही ना," ती मला म्हणाली.

'असर' या शैक्षणिक अहवालाच्या 2020 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 61.8 टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2018 मध्ये हेच प्रमाण 36.5 होतं. वाढ मोठीच. पण आमच्या या मुलीचं घरही 'फोन असलेलं' म्हणूनच मोजलं जाणार.

मग सुभाषित खोटं? तसं नाही. ते शिकून झालेल्या माणसाविषयी बोलतं. पदरात पडलेली विद्या कुणी काढून घेत नाही, खरंच. पदरात पडण्याआधी मात्र चोर, राजा, भाऊ सगळेच आडवे येतात. त्या दिवसांत एकलव्याचा दाखला फार दिला गेला: गुरू समोर नसला तरी शिकता येतं म्हणे. एकलव्याचं धनुष्य त्याचं स्वतःचं होतं आणि अरण्याला रिचार्ज लागत नव्हता, हे कुणी बोललं नाही. अंगठ्याचं तर सोडाच.

हे आडवं येणं नवं नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे रोकडा हिशेब मांडला होता: महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, शिक्षणाचा लाभ वरच्यांना. विद्या पवित्र म्हणून तिचा जमाखर्च विचारू नये, असला सोवळेपणा त्यांच्यापाशी नव्हता.

आमच्याकडे काही दात्यांनी जुने फोन दिले, मुलांना रांगेत उभं करून फोटोही काढले. फोन उपयोगी पडले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या परंपरेत दानासोबत ऋषिऋणही आहे. आधीच्यांकडून ज्ञान घेतलं म्हणजे जो शिकला तोच देणेकरी. शिकून आणि शिकवून त्याने फेडायचं. कर्जाचा हप्ता भरताना कुणी हार घालून घेत नाही. दानापेक्षा मला हे पटतं, कारण यात पाचवीतल्या पोरीला मान खाली घालावी लागत नाही.

पुढे शाळा उघडली. गृहपाठ मात्र व्हॉट्सअॅपवर जायचा आणि त्या मुलीचा बाप फोन खिशात घेऊन कामावर. तिच्यापुरता मी गृहपाठ फळ्यावरच लिहायचे, बाकीचेही उतरवून घ्यायचे.