तुटलेला सांधा

आमच्या घरचे दाढीचे बिनतारी यंत्र परवा चार्ज होईना. विक्रेता म्हणाला, "दुरुस्त कसले करता? नवेच घ्या." दुर्गदबैल बाजारालगतच्या एका कारागिराने मात्र ते उघडून दाखविले. बॅटरी शाबूत होती, मोटर शाबूत होती. केवळ चार्जिंगच्या खाचेतील एक पिन डाखातून सुटली होती. वायर धरून हिसकण्याची सवय आमचीच. त्याने आधी बॅटरी अलग केली, जुना डाख काढला आणि पिन पुन्हा जोडून दिली.

जुन्या वस्तूला चिकटून राहणे ही आसक्तीच नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु नव्याच्या ओढीने जुने टाकणे, हेही आसक्तीचेच रूप होय. शिवाय टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. तिच्यातील धातू व रसायने कोणाच्या तरी हातांत, कोणाच्या तरी मातीत जातात. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण वायर हिसकणारा हात उत्पादकाचा नसतो.

सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळीच्या कारखान्यात नादुरुस्त डबे येतात आणि दुरुस्त होऊन रुळांवर परततात. त्याच गावात राहून आम्ही एका पिनेपायी अख्खे यंत्र टाकावयास निघालो होतो, याची लाज वाटली. दुरुस्तीत पैसे वाचतात हे खरेच. पण त्याआधी आपल्या हातून काय मोडले, ते पाहावे लागते.

यंत्र आता चालते. वायर आम्ही टोकाशी धरून हलकेच काढतो.