यात्रेकरू कोण आणि पर्यटक कोण?

दत्तजयंती जवळ आली, की आमच्या मारेगावात माहूरला जायच्या गाड्यांची बोलणी सुरू होतात. करंजी, पांढरकवडा, घाटंजी, आर्णी करत माहूर. रेणुकामाता, अनसूयामाता आणि दत्तशिखर, तिन्ही डोंगरांचं दर्शन घ्यायचं आणि परतायचं. मी हे लहानपणापासून करत आलो. म्हणून 'आपण यात्रेकरू, बाकीचे नुसते पर्यटक' अशी एक घमेंड मनात कुठंतरी बसली होती. ती कशी उतरली, ते सांगतो.

मागच्या खेपेला आम्ही घरचे नऊजण होतो. शिखराच्या पायथ्याशी एक म्हातारी बोरं विकत बसली होती. "दहाला एक माप हाय जी," ती म्हणाली. मी पाचला मागितलं. "नाही परवडत जी भाऊ, सकाळपासून बसली आहो." मी पुढं निघालो, तशी तिनं हाक मारून पाचलाच दिलं. मला जिंकल्यासारखं वाटलं. तिथंच झाडाखाली आम्ही फराळ केला.

वर रांगेत आमच्या पुढं एक तरुण जोडपं होतं. गळ्यात कॅमेरा, पायांत मोठे बूट. मी सौ.ला हळूच म्हटलं, "हे काही दर्शनाला आले नाहीत, फोटो काढायला आलेत." दर्शन घेऊन खाली उतरलो, तर तोच मुलगा हातात पिशवी घेऊन उभा. "काका, ही तुमचीच आहे ना? झाडाखाली राहिली होती." पिशवीत आमच्याच पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या! नातवानं विचारलं, "आजोबा, आपण विसरलो होतो का?" मी 'हो' म्हटलं. देवाच्या दारात खोटं बोललो. विसरलो नव्हतो, टाकूनच आलो होतो.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. देवासाठी निघालेला माणूस आपोआप मोठा, आणि डोंगर-धबधबा बघायला निघालेला आपोआप लहान, असं असतं का?

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्या यादीकडे मी आता प्रवाशांची यादी म्हणून बघतो. पतंग रूपाला भुलतो. आपल्यातले काही फक्त फोटोसाठी जातात. मासा जिभेपायी गळाला लागतो. काहींना गावाचं नाव विचारा, तिथलं हॉटेल आठवतं. हरीण नादाला भुलतं. काहींना जंगलातही डीजे लागतो. मध गोळा करणारा दुसऱ्यानं साठवलेलं काढून नेतो. जमेल तेवढं ओरबाडून आणणारे तसेच. आणि भुंगा? तो फुलाफुलातून थोडंथोडं घेतो, पण फूल मोडत नाही. बोरांचा भाव पाडणारा मी यात कुठं बसतो, हे वेगळं सांगायला नको.

पर्यटनानं समाजाचं भलं होतं यात शंका नाही. माहूरला तेलंगणातूनही भाविक येतात. त्यांच्यावर ऑटोवाला, लॉजवाला, फुलवाली, रेणुकेचा तांबूल कुटून विकणारी बाई, अशी कितीतरी घरं चालतात. दोन भाषांची माणसं एका रांगेत उभी राहतात, एकमेकांच्या लेकरांना पाणी देतात. घरात बसून हे शहाणपण येत नाही. पण लोक आले म्हणजे गावाचं भलं झालंच, असंही नाही. ते कसे आले, काय देऊन गेले, काय टाकून गेले, त्यावर ते ठरतं.

आणि जिथं आपण जातो, तिथं कोणीतरी राहत असतं. हे आम्हा मारेगावकरांना तरी कळायला हवं, कारण आमच्या भागातही लोक बघायला येतात. पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वर अभयारण्य आहे. जीपमधल्या पाहुण्याला वाघ दिसला, की त्याची सहल सार्थकी लागते. जीपवाल्याला, वाटाड्याला रोजी मिळते, ही चांगलीच गोष्ट. पण शेजारच्या राळेगाव तालुक्यात १३ माणसांच्या बळींचा ठपका असलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली. तोवर इकडच्या शेतकऱ्यानं ओलिताला रात्री कसं जावं? एकच वाघ, एकाला आनंद, दुसऱ्याला धाक. पाहुण्यानं वाघ जरूर बघावा, पण त्या शेतकऱ्याचा विचार केल्याशिवाय त्याचं बघणं अर्धंच राहतं.

आपले महाराज तर नित्य प्रवासी. काशीत स्नान, कोल्हापुरात भिक्षा, माहूरला निद्रा, अशी आपली श्रद्धा आहे. सोबत काय? झोळी आणि कमंडलू. टेंबेस्वामींनीही माणगावातून निघून अर्धा हिंदुस्थान पायी तुडवला, १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवला. भिक्षेला दारात उभा राहणारा यजमानाला हुकूम सोडत नाही, की घासाघीस करत नाही. मिळेल ते घेतो, आशीर्वाद देऊन निघतो. मला वाटतं, यात्रेकरूची खरी खूण ही आहे. ती कपाळाच्या गंधात नाही, आणि गळ्यात कॅमेरा असला म्हणून पुसलीही जात नाही. त्या दिवशी यात्रेकरू तो मुलगा होता. मी नुसता जाऊन आलो होतो.

यंदाही गाडी ठरली आहे. रिकामं पोतं मी आधीच काढून ठेवलं. आपला कचरा आपल्या गावी आणायचा. ती म्हातारी भेटली तर बोरं तिच्या भावानं घ्यायची आहेत. भेटली नाही, तर ते पाच रुपये माझ्याकडे राहिलेच. ते कोणत्याही दानपेटीत टाकून फिटतील, असं मला वाटत नाही.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!