खुंट्यांची गाडी

सावंतवाडीच्या चितारआळीत एक म्हातारा कारागीर होता. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, बैलगाड्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पांगाऱ्याचा तुकडा हातात आला की तो कुठल्या अंगाने तासायचा, हे त्याच्या बोटांनाच कळे.

एके सकाळी एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन दुकानात आली. तिला न मोडणारं खेळणं हवं होतं. दिवाळीपासून तिने पाच खेळणी आणली होती. सेलवर पळणारी मोटार, गाणारं माकड, दिव्यांची बंदूक. एकही दोन दिवस टिकलं नव्हतं. घरात सगळे मुलाला ‘मोडक्या’ म्हणू लागले होते. मुलगा आईचा पदर धरून उभा होता. त्याची नजर मात्र दुकानाच्या दाराच्या बिजागरीवर होती.

म्हाताऱ्याने मोडलेली खेळणी पाहायला मागितली. बाईला नवल वाटलं, पण दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर तुकडे घेऊन आली. त्याने ते जमिनीवर मांडले आणि एकेक उचलून पाहिला. मोटारीची चाकं निघाली होती, पण चाकं शाबूत होती. माकडाची पाठ उघडली होती आणि आतली तार बाहेर ओढली होती. आपटल्याची खूण कुठेही नव्हती.

“मोडूक नाय गे बाय,” म्हातारा म्हणाला, “उघडल्यान.”

मग त्याने विचारलं, घरी आणखी कोण लहान आहे? रांगणारी बहीण होती. हा दिवसभर काय करतो? बाईला आठवावं लागलं. डब्यांची झाकणं काढतो, परत लावतो. कडी घालतो, काढतो. त्यासाठी तो रोज ओरडा खायचा.

आठ दिवसांनी गाडी तयार झाली. साधी, चार चाकांची. तिला खिळा नव्हता, रंग नव्हता, आवाज नव्हता. प्रत्येक चाक आसावर चढायचं आणि बाहेरून एक खुंटी त्याला अडवायची. खुंट्या मोठ्या माणसाच्या अंगठ्याहून जाड होत्या, धाकटीच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून. कडा घासून गोल केल्या होत्या. गाडी देताना म्हातारा एवढंच म्हणाला, “तेका जमतला. तू हात लावू नको.”

चहाला उकळी येईपर्यंत चारही चाकं सुटली. आई चाकं गोळा करायला वाकली, आणि थांबली.

त्या दिवशी चाकं तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मुलाने आधी खुंटी बसवली, मग चाक. चाक चढेना. त्याने गाडीला लाथ मारली, रडला, आणि थोड्या वेळाने पुन्हा तिच्यापाशी येऊन बसला. तिसऱ्या दिवशी दोन चाकं बसली. पाचव्या दिवशी चारही बसली. आई दारातून पाहत होती. तो टाळ्या पिटेल, हाक मारेल, असं तिला वाटलं. त्याने शांतपणे चारही खुंट्या उपसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढे त्या चाकांच्या भाकऱ्या झाल्या. बिनचाकांची गाडी होडी झाली. बहीण चालू लागली तेव्हा तो तिला समजावू लागला, “आधी चाक, मग खुंटी.” मोडक्या हे नाव कधी सुटलं, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

जे खेळणं सगळं आपणच करतं, ते मुलाला फक्त बघायला लावतं. त्या मोटारीने मुलासाठी एकच काम शिल्लक ठेवलं होतं, आणि ते त्याने केलं. तीन ते सहा वर्षांचं मूल हातांनी विचार करतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी गावात मुलांसाठी काम केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया आणि खडे मुलांच्या हाती दिले. मुलांच्या अवतीभवती जे होतं, ते त्यांनी आधी पाहिलं. म्हाताऱ्या कारागिरानेही तेच केलं. लाकडाला हात लावण्याआधी त्याने मुलाबद्दल विचारलं.

खेळणं आणायला निघण्याआधी एक दुपार आपल्या मुलाजवळ बसा. काही शिकवू नका. त्याचे हात कशाकडे जातात ते पाहा, आणि मगच दुकानाची पायरी चढा.